जास्वंदीचे चौकोनी डबे करणं थांबवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बागेबद्दल जे काही येतं ते मी नेमाने वाचते, बरंचसं उपयोगी असतं, पण मध्यंतरी फुलझाडांच्या छाटणीवर जे आलं होतं त्यात चक्क लिहिलेलं की बर्फ पडायचा धोका टळला की झुडपं गुडघ्याएवढी कापून टाका. अहो नाशिकला कुठला बर्फ? निफाडला कुंदेवाडीला पारा घसरतो, कधीतरी पिकावरचं दव गोठल्याचे फोटो तुमच्याच पेपरात येतात, ते मान्य, पण शहरातल्या जास्वंदीला गुडघ्यापर्यंत कापायचं ते कशासाठी? कुठल्यातरी थंड देशातलं उचललेलं दिसतंय आणि आपले लोक पेपरात आलंय म्हणजे खरंच असणार म्हणून कात्री घेऊन निघतात.

पण खरा राग त्याच्यावर नाहीये. राग आहे तो सध्या प्रत्येक सोसायटीत, बंगल्यात, शाळेच्या आवारात फिरणाऱ्या त्या हेज कटर मशीनवर. आमच्या सोसायटीने बागेचं काम कॉन्ट्रॅक्टवर दिलंय, महिन्यातून एकदा एक मुलगा मशीन घेऊन येतो आणि गेटपासून पार्किंगपर्यंत जे काही हिरवं दिसेल ते एका लेव्हलला कापत जातो, मेंदी असो, कामिनी असो, एक्झोरा असो, जास्वंद असो, सगळ्याचे चौकोनी डबे. लांबून बघितलं की एकदम नीटनेटकं वाटतं, कमिटी खूश. आणि मग मीटिंगमध्ये विषय निघतो की जास्वंदीला फुलंच येत नाहीत, नुसती वाढते, तर काढूनच टाकू आणि तिथे पिवळा ड्युरांटा लावू. फुलं येत नाहीत कारण तुम्ही ती कळी धरायच्या आधीच दर महिन्याला कापून कचऱ्याच्या गाडीत टाकताय, आणि वाढते सुद्धा तुमच्या कापण्यामुळेच! हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तर म्हणे काकू, आम्ही काही शेतकरी नाही. म्हणून म्हटलं पेपरात लिहावं, आमच्यासारख्या सोसायट्या गावभर आहेत.

आता जास्वंदीचं गणित बघा, अवघड काही नाही. हिला फूल येतं ते नव्या फुटव्यावर, शेंड्याजवळच्या पानांच्या बेचक्यात. जुन्या जाड खोडावर येत नाही. म्हणजे छाटणी केली की नवे फुटवे येणार आणि त्यांच्यावर फुलं येणार, इथपर्यंत छाटणी फायद्याचीच. पण छाटल्यापासून नवा फुटवा येऊन, तो लांब होऊन, पिकून त्याच्यावर कळी धरायला साधारण दोन ते तीन महिने लागतात, थंडीत अजून जास्त. आणि मशीन येतं दर महिन्याला. मग कळी येणार कधी? जास्वंदीचं फूल देशी असेल तर एक दिवसाचं, सकाळी उमललं की संध्याकाळी मिटलं, त्यामुळे रोज फुलं मिळायची तर झाडावर कळ्यांची रांग सतत लागलेली पाहिजे, आणि ती रांग तुम्ही पंधरा मिनिटात उडवता.

वाढीचं पण तसंच. प्रत्येक फांदीच्या शेंड्यात एक संप्रेरक तयार होतं, ऑक्झिन म्हणतात त्याला, ते खालच्या डोळ्यांना, म्हणजे पानांच्या बेचक्यातल्या न फुटलेल्या कोंबांना, झोपवून ठेवतं. शेंडा गेला की खालचे दोन तीन डोळे जागे होतात, एका फांदीच्या तीन फांद्या होतात. हे हाताने, विचार करून केलं तर झाड डेरेदार होतं. पण मशीनने एकाच उंचीवर शंभर शेंडे एकदम उडवले की त्याच उंचीवर तीनशे फुटवे येतात, वर पानांचं दाट छप्पर तयार होतं आणि आत ऊनच जात नाही. आतली पानं गळतात, आत नुसत्या वाळक्या काड्या. मग एखाद दिवशी कमिटीला वाटतं झाड फारच फुगलं, जरा खोल कापू, आणि खोल कापलं की दिसतो तो काड्यांचा सांगाडा, कारण हिरवं जे काय होतं ते वरच्या चार इंचातच होतं.

त्या अंधाऱ्या आतल्या भागात अजून काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको. मिलीबग. पांढरा कापसासारखा चिकट किडा, मागोमाग मुंगळे, मागोमाग काळी बुरशी. जास्वंदीवरचा जो गुलाबी मिलीबग आहे ना तोच आपल्या द्राक्षांवरचा मिलीबग, वेगळा नाही, किंबहुना त्याचं इंग्रजी नावच जास्वंदीवरून पडलेलं आहे. जास्वंद तर भेंडी आणि कपाशीच्या कुळातली, त्यामुळे त्या दोघींवरचे पाहुणे पण हिच्याकडे येणारच. म्हणजे शहराच्या कडेच्या, बागांना लागून असलेल्या सोसायट्यांनी तर जास्तच काळजी घ्यायला हवी. आणि कापलेल्या मिलीबगवाल्या फांद्या आठवडाभर कंपाउंडच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवायच्या नाहीत, तिथून ते परत झाडावर चढतात. लगेच पिशवीत बांधून बाहेर. बाकी पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुणं आणि लिटरला पाच मिली निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून संध्याकाळी मारणं, घरच्या झाडाला बहुतेक वेळा एवढं पुरतं, पण फवारा आत पोचला तर. दाट डब्याच्या आत तो पोचतच नाही.

आपल्या जिल्ह्यात छाटणी कळत नाही असं तर कोणी म्हणू शकत नाही. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, भावाची द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, पहिली छाटणी नवी काडी तयार करण्यासाठी आणि दुसरी माल धरण्यासाठी, दोन्हीचा उद्देश वेगळा, हे तिथलं शाळकरी पोरगं सांगेल. ऑक्टोबरला कितव्या डोळ्यावर कापायचं हे ठरवायला लोक काड्या लॅबमध्ये पाठवून डोळे तपासून घेतात, डोळ्यात घड आहे की नाही ते आधी बघतात आणि मग कात्री लावतात. फेलफूट म्हणजे नको ते फुटवे काढणं, शेंडा मारणं, विरळणी, प्रत्येक कामाला वेगळा शब्द आणि वेगळी वेळ. आणि तिथून पंचवीस किलोमीटरवर शहरात आलं की फुलझाड कधी फुलतं हे न विचारता मशीन चालू! मला याचं फार नवल वाटतं. छाटणीचे मजूर टोळ्यांनी आपल्याकडे येतात, त्यातल्या एखाद्या जाणत्याला वर्षातून दोन दिवस सोसायटीत बोलावलं तरी त्या मशीनपेक्षा शंभरपट बरं काम होईल, पण तो सुचवलेला मुद्दा मिनिट्समध्ये सुद्धा लिहिला गेला नाही असो.

तर जास्वंद आटोक्यात ठेवायची कशी, ते मला जे वर्षानुवर्षं करून जमलंय ते लिहिते. मोठी छाटणी वर्षातून एकदाच, फेब्रुवारीचा शेवट ते होळीच्या आसपास, थंडी सरलेली असते आणि झाड स्वतःच फुटायच्या बेतात असतं. डिसेंबर जानेवारीत नाशिकच्या थंडीत कापू नका, झाड मुकाट्याने उभं राहतं, महिनाभर काही फुटत नाही आणि कापलेली टोकं वाळत खाली येतात. मे महिन्यात तर अजिबात नाही, चाळीस डिग्रीला इतके दिवस सावलीत असलेल्या फांद्या एकदम उघड्या पडल्या की साल भाजते. नेमकं आपल्याकडे मेमध्येच मुंडण करायची पद्धत आहे, का तर पावसाळ्याआधी साफसफाई! एका वेळी एकूण झाडाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढायचं नाही. झाड दहा फूट झालंय आणि तुम्हाला पाच फूट पाहिजे तर ते एका दिवसात होणार नाही, दोन तीन वर्षं लागतील, आणि त्याची पद्धत अशी की दरवर्षी सगळ्यात जुनी, जाड, दोन-चार खोडं जमिनीपासून वीतभर ठेवून आरीने काढायची आणि बाकीच्यांना फक्त शेंड्याकडून हलकं करायचं. जमिनीजवळून नवे धुमारे येतात, त्यातले चांगले तीन-चार ठेवायचे, बाकी लहान असतानाच काढायचे. तीन वर्षांत झाड पूर्ण नवं होतं आणि मधल्या काळात एक दिवस सुद्धा ओकंबोकं दिसत नाही, फुलं पण चालू राहतात. जमिनीतलं देशी लाल झाड असेल तरच हे, हायब्रिडला इतकं खोल कापाल तर ते जाईल.

कात्री कुठे लावायची हे पण महत्त्वाचं आहे, त्यावर कोणी बोलत नाही. डोळा बाहेरच्या बाजूला तोंड करून आहे असा बघायचा आणि त्याच्यावर पाव इंच सोडून तिरका काप द्यायचा, म्हणजे फुटवा बाहेरच्या बाजूला जातो आणि झाड मधून मोकळं राहतं. आणि जागा कमी असेल, रस्त्याच्या बाजूला फांदी गाडीला लागत असेल, तर तिकडे उलट, आतल्या बाजूच्या डोळ्यावर कापायचं. एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या, आत वळलेल्या, वाळलेल्या या आधी काढा, त्या काढल्यावरच अर्धं काम होतं, पुष्कळदा उंचीला हात लावायची गरजच उरत नाही. अंगठ्यापेक्षा जाड कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावून टाका, द्राक्षवाल्या कोणाकडेही उरलेली मिळेल. कात्री दर झाडानंतर पुसून घ्या. बोथट कात्री आणि मशीनची पाती दोन्ही फांदी चिरडतात, कापत नाहीत, त्या चिरडलेल्या जागेत पावसाळ्यात बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली वाळत जाते.

आणि मोठ्या छाटणीपेक्षा मला विचाराल तर जास्त काम करतो तो अंगठा आणि पहिलं बोट. नवा फुटवा चार पाच पानांचा झाला की त्याचा शेंडा खुडायचा, बस. सकाळी देवाला फुलं काढताना चालता चालता होतं, कचरा नाही, जखम नाही. पण यालाही वेळ आहे. गणपतीत घरच्या जास्वंदीची फुलं पाहिजेत तर उलटं मोजा, गणपती कधी ऑगस्टच्या शेवटी येतात कधी सप्टेंबरच्या मध्यात, त्याच्या आधी तीन महिने म्हणजे मेचा शेवट किंवा जूनचा पहिला पंधरवडा, तेव्हा शेंडे खुडून घ्या, एखादी हलकी छाटणी (ती मोठी नव्हे!) आणि त्यानंतर झाडाला हात लावू नका. ज्यांनी जुलैमध्ये, श्रावण लागला, घर स्वच्छ करू म्हणून कापलं त्यांना गणपतीत बाजारातून जास्वंद आणावी लागते आणि त्या दिवसांत लाल फुलाचा भाव काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे. जूनमध्ये कापलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या वीतभर लांबीच्या करून वाळू-मातीत खोचल्या की लागतात, शेजाऱ्यांना वाटा.

एक गोष्ट मात्र अशी आहे की ती कात्रीने सुटत नाही. झाड लावतानाच ते चुकीच्या जागी लावलेलं असतं. देशी लाल जास्वंद जमिनीत आठ-दहा फूट सहज जाते आणि पसरते पाच-सहा फूट, हा तिचा स्वभाव आहे. तिला भिंतीपासून दीड फुटावर आणि एकमेकींपासून दोन फुटावर लावतात, का तर नर्सरीतून आणलेलं रोप एवढंसं दिसतं आणि बिल्डरला पझेशनच्या दिवशी बाग भरलेली दाखवायची असते. मग पुढची वीस वर्षं रहिवाशांनी कापत बसायचं. अंतर चार-पाच फुटाचं ठेवलं आणि मध्ये पहिली दोन वर्षं झेंडू, अबोली काहीही लावलं तर बाग भरलेली दिसेल आणि पुढे भांडण नाही. ज्यांना खिडकीखाली तीन-चार फुटाचंच झुडूप पाहिजे त्यांनी देशी जास्वंद घेऊच नये, हळू वाढणारी हायब्रिड घ्यावी किंवा मिनी एक्झोरा घ्यावा. हायब्रिड बरेचदा देशी खुंटावर कलम केलेली असते, कलमाच्या खालून फुटवे आले तर लगेच काढा, नाहीतर दोन वर्षांनी पिवळी मोठी फुलं जाऊन साधी लाल येते आणि लोक म्हणतात नर्सरीवाल्याने फसवलं.

नर्सरीवरून आठवलं, कुंडीतलं दीड फुटाचं झाड फुलांनी लगडलेलं बघून आपण आणतो, जमिनीत लावतो आणि वर्षभरात ते डोक्यावर जातं, त्याचं कारण फार लोकांना माहीत नसतं. मोठ्या प्रमाणावर कुंडीतल्या जास्वंदी तयार करणारे वाढ रोखायची औषधं वापरतात. आपल्याकडे द्राक्षाला वापरतात ते लिहोसिन, म्हणजे सीसीसी, किंवा कोकणात हापूसला मुळाशी घालतात ते कल्टार, याच जातीची औषधं. पेरं आखूड राहतात, झाड बुटकं दिसतं, परिणाम ओसरला की ते आपल्या मूळ उंचीला जायला निघतं. त्यात नर्सरीवाल्याला दोष देण्यासारखं काही नाही, पण गिऱ्हाईकाला सांगायला हवं. हल्ली ऑनलाइन ही औषधं घरपोच मिळतात आणि कोणकोणत्या ग्रुपवर जास्वंद बुटकी ठेवायला कल्टार घाला असे सल्ले फिरतायत, ते कृपा करून कोणी करू नका. कल्टार मातीत फार काळ राहतं, बाजूची झाडं पण आखडतात. सीसीसीच्या अंशामुळे २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली तेव्हा शेतकऱ्यांचे काय हाल झाले ते या पेपराच्या जुन्या वाचकांना आठवत असेल. जास्वंदीची फुलं देवाला जातात, तेलात जातात, लोक चहा करून पितात, त्या झाडाला कशाला हे.

कुंडीतली जास्वंद आटोक्यात ठेवायला औषध लागतच नाही. बारा-चौदा इंची कुंडी, दर दोन वर्षांनी होळीच्या सुमाराला गड्डा बाहेर काढून कडेची आणि तळाची बोटभर मुळं कापायची, नवी माती-शेणखत घालून परत तीच कुंडी, आणि वरून तेवढंच हलकं करायचं. मुळं तेवढीच तर झाड तेवढंच. युरिया घालू नका, नुसती पानं येतात.

बाकी झाडांचं थोडक्यात सांगते कारण प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं आणि मशीनवाल्याचं एकच, हाच तर सगळा घोटाळा आहे. मोगरा जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत कापायचा, थोडे दिवस पाणी तोडायचं, मग पाणी-खत दिलं की उन्हाळाभर फुलं. हाच मोगरा एप्रिलमध्ये कापला तर त्या वर्षीचा हंगाम गेला. पारिजातक फुलतो पावसाळा सरताना, तर त्याला जूनजुलैमध्ये हात लावायचा नाही, फुलं आटपून गेल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत कापायचा. अनंताचं झाड त्याची फुलं संपल्या संपल्या कापायचं. एक्झोरा आणि कामिनीला गुच्छ अगदी टोकालाच येतो, म्हणजे सपाट कापलं की संपलं. तगर बिचारी काहीही सहन करते, तिला कुंपण म्हणून कापायचं तर कापा, पण कुंपण खाली रुंद आणि वर अरुंद ठेवा, उलटं ठेवलं की खालची पानं जातात. कण्हेर कापताना हातमोजे घाला, चीक डोळ्याला लावू नका आणि तिच्या फांद्या शेकोटीत जाळू नका, सगळं झाड विषारी आहे. बोगनवेल रस्त्याच्या दुभाजकात बिनपाण्याची इतकी फुलते आणि आपल्या बंगल्यात रोज पाणी घालून नुसत्या काटेरी काड्या वाढतात, ते पाणी कमी करा आणि बहर संपला की मेच्या शेवटी-जूनमध्ये कापा, ही एक अशी आहे की हिला खोल कापलं तरी राग नाही.

हे सगळं एका चौकटीत बसतं, संपादक साहेब. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुरवणीत "या महिन्यात हे कापा, हे कापू नका" एवढी चार ओळींची पाटी टाका, आपल्या हवामानाची, कोकणासाठी वेगळी विदर्भासाठी वेगळी. दापोली, राहुरी, अकोला, परभणी, चार चार कृषी विद्यापीठं राज्यात आहेत, तिथले उद्यानविद्येचे प्राध्यापक आनंदाने लिहून देतील. आंब्याची फांदी तोडायची तर झाडांच्या जतनाच्या १९७५ च्या कायद्याने महापालिकेकडे अर्ज करावा लागतो, झुडपांना असं कोणी विचारत नाही, तेव्हा निदान पेपराने तरी विचारावं.

आणि सोसायटीच्या कमिट्यांना एक सांगणं. पुढच्या वेळी बागेचं कॉन्ट्रॅक्ट कराल तेव्हा त्यात लिहून घ्या की मशीन फक्त मेंदी आणि ड्युरांटाच्या कुंपणाला, फुलझाडांना हातकात्री. कोणतं झाड कोणत्या महिन्यात याची यादी करारालाच जोडा, कापलेला माल त्याच दिवशी बाहेर गेला पाहिजे आणि छाटणीच्या दिवशी कोणीतरी रहिवासी सोबत उभा राहील. आमच्या बाजूच्या सोसायटीने गेल्या वर्षी असं लिहून घेतलं. माणूस तोच येतो, मशीन तेच आणतो, पण आता जास्वंदीपाशी आला की मशीन बंद करून वर बघून ओरडतो, "काकू, खाली येता का जरा, हे कुठून कापू?"

आपली,
एक नेहमीची वाचक, नाशिक